दोनशे चौदा नंबरचा कान

परभणीतल्या आमच्या कचेरीत संगणक आला, तेव्हा त्याला जी खोली मिळाली तिच्यात आधी लसी ठेवायचं शीतकपाट होतं. संगणकाला गारवा लागतो, असं वरून कळवलेलं होतं. लसींनाही तो लागतो, हे कुणी कळवलेलं नव्हतं. कपाट व्हरांड्यात आलं, व्हरांड्यात वीज नव्हती, आणि त्या पावसाळ्यानंतर जिल्ह्यात आंत्रविषाराच्या रोगानं जी मेंढरं मेली ती लस टोचूनही मेली. साहेबांनी मेंढपाळांच्या अज्ञानाबद्दल एक परिपत्रक काढलं.

जनावरांच्या सरकारी योजना राबवणारी ती कचेरी. मी तिथं कारकून होतो आणि गंगाखेडहून रोज पॅसेंजरनं जाऊन-येऊन नोकरी करायचो. गाडीत वाचायला वेळ मिळायचा म्हणून बदली मागितली नाही. माझ्याकडं मयत जनावरांचं काम होतं. योजनेतलं जनावर मेलं की मालकानं कानात मारलेल्या नंबराच्या बिल्ल्यासकट त्याचा कान कापून आणायचा, मी बिल्ल्याचा नंबर पाहायचा, साहेबांनी सही करायची, आणि मालकाला मेलेल्याच्या बदल्यात दुसरं जनावर मिळायचं. कान मीठ लावून, कडुनिंबाच्या पाल्यात गुंडाळून यायचे. माझ्या टेबलाजवळ कुणी डबा खायला बसत नसे, त्यामुळे वाचन कचेरीतही होई.

विद्यापीठाच्या नावाचा वाद तेव्हा मिटलेला नव्हता. त्याला एक तप उलटून गेलं होतं. एका नावापायी आमच्या भागात माणसं मारली गेली होती, वस्त्या जाळल्या गेल्या होत्या, आणि कचेरीच्या कंपाउंडावर अजूनही एक घोषणा उमटली की चार दिवसांनी तिच्यावर चुना फासून उलटी घोषणा यायची. या सगळ्यातून आमच्या साहेबांना एक सुविचार तेवढा सुचला. संगणकाच्या उद्घाटनाच्या भाषणात ते म्हणाले, "माणसं नावावरून भांडतात. आमच्या कार्यालयानं यातून मार्ग काढला आहे. आम्ही नंबर देतो. नंबराला जात नसते!" टाळ्या पडल्या. संगणकाला झेंडूचा हार घातला होता. त्यातलं एक फूल मागच्या जाळीत अडकलं आणि पुढं बरेच दिवस खोलीत जळकट वास येत राहिला. साहेब तो वास नव्या यंत्राचा समजून पाहुण्यांना घ्यायला लावत.

प्रोग्राम लिहायला पुण्याहून एक तरुण इंजिनिअर आला होता. परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठात तयार होत असलेली, आपल्याकडं कुणी न वापरलेली प्रणाली त्यानं आणली होती, आणि ती कुणी वापरलेली नाही हाच तिचा मोठा गुण आहे असं तो सांगायचा. मयत जनावरांचं काम माझं, म्हणून मला त्यानं एका जुन्या परिपत्रकाच्या पाठीवर चित्र काढून सगळं समजावलं.

"हे बघा, 'जनावर' हे बाप टेबल. यात नंबर, मालक, गाव, जिवंत की मयत. त्याच्याखाली तीन मुलं: गाय-म्हैस, शेळी, मेंढी. बापाचे सगळे रकाने मुलांना आपोआप वारशानं मिळतात. शिवाय शेळीला दुधाचा रकाना स्वतःचा, मेंढीला लोकरीचा. आणि बापाला विचारलं, एकूण जनावरं किती, की तो मुलांची धरून सांगतो."

"म्हणजे एकत्र कुटुंब."

"अगदी बरोबर!"

"आणि एका नंबराची दोन जनावरं निघाली तर?"

"निघणारच नाहीत. नंबर ही प्रायमरी की आहे. एका टेबलात एक नंबर दोनदा टाकून दाखवा, मशीन घेणारच नाही."

'एका टेबलात' हे शब्द त्यानं जरा घाईत उच्चारले. पुढं जे झालं ते त्या दोन शब्दांत होतं.

बिल्ले तीन पोत्यांतून आले. गाई-म्हशींचं एक, शेळ्यांचं एक, मेंढरांचं एक. आणि प्रत्येक पोतं एक नंबरपासून सुरू. त्यामुळे दोनशे चौदा नंबरची एक शेळी पाथरीला झाली आणि दोनशे चौदा नंबरचा एक मेंढा राणीसावरगावाकडं. मशीननं दोन्ही निमूट घेतले. मेंढीच्या टेबलात दोनशे चौदा एकच होता, शेळीच्या टेबलातही एकच. नंबर दुबार नको हा नियम बापावर बसवला होता, आणि रकाने वारशानं खाली उतरतात, हा नियम उतरत नाही. इंजिनिअरनं तो प्रत्येक मुलाला वेगळा लावून दिला. पण मग प्रत्येक मूल आपल्याच अंगणात पाहतं, भावाच्या अंगणात डोकावत नाही, आणि बाप तर कुणाच्याच अंगणात जात नाही. बऱ्याच वर्षांनंतर मला कळलं की मोठमोठ्या, जगभर चालणाऱ्या प्रणालीतही हे असंच आहे आणि त्यांच्या माहितीपुस्तकात ते प्रामाणिकपणे छापलेलं असतं. आमच्याकडं पुस्तक होतं. ते उद्घाटनाच्या दिवशी हळदकुंकू लावून कपाटात ठेवलं होतं आणि कपाटाची किल्ली साहेबांकडं होती.

दुसरी गंमत पहिला कान आल्यावर झाली. मयताचा दावा नोंदवताना, ते जनावर बापाच्या टेबलात आहे की नाही हे मशीन पाहून घेई. एकूण किती, असं विचारलं की बाप मुलांची सगळी जनावरं आपली म्हणून मोजायचा. पण दाव्यासाठी एखाद्या जनावराची ओळख पटवायची वेळ आली की फक्त स्वतःच्या नावावर काय आहे तेवढंच धरायचा. आणि त्याच्या स्वतःच्या नावावर काहीच नव्हतं, सगळं मुलांकडं होतं. पडद्यावर आलं, असं जनावर नाही. कान माझ्यासमोर पडलेला होता, त्याला माश्या लागल्या होत्या, आणि असं जनावर नव्हतं.

इंजिनिअरनं तोड काढली. प्रत्येक जनावराची एक ओळ बापाच्या टेबलातही भरायची. भरली. जिथं नंबर आधीच गेलेला असेल तिथं मशीन दुसरी ओळ नाकारायचं. टंकलेखक पुढचं बटण दाबायचा. योजनेत बहुतेक शेळ्याच होत्या, त्यात पाथरीची यादी वजनदार माणसांकडून आली होती, म्हणून शेळ्या आधी गेल्या. मेंढरं मागून आली आणि जागा नाही म्हणून बाहेर राहिली.

आता बापाला एकूण विचारलं तर तो आपल्या ओळी मोजायचा आणि वर मुलांच्याही. जिल्ह्यातलं योजनेचं पशुधन आठवड्यात जवळजवळ दुप्पट झालं.

साहेबांना मी हे सांगायला गेलो तेव्हा ते आकडा आधीच मुंबईला पाठवून मोकळे झाले होते. थोड्याच दिवसांत नगरपालिकेच्या सभागृहात त्यांचा सत्कार झाला. पशुधनाच्या विक्रमी वाढीबद्दल शाल, श्रीफळ आणि एक गाय-वासराची पितळी मूर्ती. उत्तराच्या भाषणात त्यांनी या यशाचं श्रेय जनावरांना दिलं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना तो मेंढपाळ आला.

राणीसावरगावाकडचा माणूस. पन्नाशीचा, खांद्यावर घोंगडं, हातात पाल्याची पुरचुंडी. पुरचुंडी त्यानं माझ्यासमोर ठेवली आणि आपण दोन पावलं मागं सरला.

"मेंढा मेला, सायब. कान आणलाय."

"कशानं मेला?"

"सांजच्याला चांगला रवंथ करायलता. सकाळी बघतो तं पाय ताणून पडलेला. तुमच्याच मान्सानं सुई टोचली व्हती."

मी विषय बदलला आणि बिल्ल्यावरचा नंबर मशीनला दिला. दोनशे चौदा. शेळी, पाथरी, मयत, बदली जनावर दिले.

"तुमचा मेंढा आधीच मेलेला आहे, मामा. मशीन म्हणतंय तो पाथरीला मेला. आणि शेळी होता."

त्यानं यावर खरोखर विचार केला. "पाथरीला तं मी कवा गेलोच न्हाई," तो म्हणाला.

त्याचं म्हणणं एवढंच होतं की मेंढ्या माजावर यायचे दिवस जवळ आलेत आणि कळपात मेंढा नाही. आता मेंढा मिळाला तर कोकरं, नाही तर साल कोरडं. योजनेतल्या मेंढ्या त्याला मिळाल्या त्या याच मेंढ्यासकट. घरचं जुनं खांड, म्हणजे आधीचा कळप, रोगात संपलं होतं. मी त्याला साहेबांपुढं नेलं. इंजिनिअरलाही बोलावलं.

साहेबांनी मान वर न करता ऐकलं. "एकाच नंबराचे दोन कान? हा शासनाच्या अपहाराचा प्रयत्न आहे."

"शिंगं आणू का सायब? डोस्कं पुरलंय. उकरून आणतो."

"शिंगांवर नंबर नसतो."

मी सांगितलं की दोष नंबरात आहे, माणसात नाही. इंजिनिअर तळहात चोळत म्हणाला, "सर, दुरुस्ती सोपी आहे. नंबराआधी एक अक्षर लावू, मेंढीला एक, शेळीला एक. बापातल्या जादा ओळी काढून टाकू. टोटल पण मग खरी येईल."

"खरी म्हणजे किती?"

"साधारण निम्मी, सर."

साहेबांच्या मागं भिंतीवर सत्काराचा फोटो होता आणि कोनाड्यात पितळी गाय-वासरू. साहेब फिरून त्यांच्याकडं पाहतील असं मला वाटलं. तसं काही झालं नाही. त्यांनी पेन्सिलीच्या टोकानं पाला बाजूला केला आणि कान उलटा केला.

"हे काय आहे?"

"ती आमची खूण हाय."

डाव्या कानाच्या मागच्या कडेला दोन खाचा होत्या. मेंढपाळानं सांगितलं की बापाची खूण लेकाला येते. भाऊ वेगळे निघाले की धाकटा बापाची खूण ठेवतो आणि थोरला तिच्यात एक खाच वाढवतो. पण वाढवायच्या आधी सगळ्या भावकीला, पार नदीपल्याडच्या वाड्यांनाही विचारून यायचं, असली खूण कुणाची हाय का म्हणून. असली तर दुसरी. तो थोरला, म्हणून दोन खाचा. योजनेतली मेंढरं आली त्याच दिवशी त्यानं त्यांच्याही कानाला खाचा पाडल्या होत्या. आपल्याला साहेब कुळकथा विचारतायत म्हणून तो जरा खुललाही होता.

"म्हणजे कान खंडित आहे," साहेब म्हणाले.

"आं?"

"नियम स्पष्ट आहे. सादर केलेला कान अखंड असावा. यानं स्वतः कबूल केलंय की कान कापला."

"सायब, खाच आधीची हाय. तुमी बिल्ला मारला तवा खाच व्हतीच की तिथं! खाचंपशीच तं मारला."

"तेव्हाच आमच्या निदर्शनास आणायला हवं होतं."

पत्र त्यांनी मलाच सांगितलं आणि मी टाइप केलं. सदर कान खंडित असल्याने दावा नामंजूर. साहेबांच्या मराठीत 'सदर' शब्द आला की कुणाचं तरी काहीतरी जायचं. मेंढपाळानं पत्राची घडी घालून मुंडाशात खोचली आणि विचारलं, "मंग मेंढा कवा न्यायला येऊ?"

कान त्यानं परत मागितला. नियमात परत द्यायची तरतूद नव्हती.

महिन्याभरात वरून तपासणी पथक येणार असल्याचं कळलं. विक्रमी वाढ प्रत्यक्ष पाहायची होती. पथक कुठल्याही कळपात शिरून बिल्ला पाहणार, नंबर लिहून घेणार आणि मशीनला विचारणार. मेंढीचा नंबर टाकला आणि पाथरीची शेळी निघाली तर? इंजिनिअरनं पुन्हा अक्षराची गोष्ट काढली. साहेबांनी त्याहून सोपं काहीतरी योजलं होतं. ज्या मेंढरांचे नंबर अडचणीचे, त्यांचे बिल्ले काढून आणायचे. मशीनमधल्या ओळींना हात लावायचा नाही. मेंढरं आकड्यात राहतील, नंबर कानात राहणार नाहीत.

गंगाखेड तालुक्याच्या जीपमध्ये मी होतो, काढलेले बिल्ले मोजून घ्यायला. राणीसावरगावाकडच्या त्या मेंढपाळाच्या सगळ्याच मेंढ्यांचे नंबर ओळीनं होते आणि ओळीनं अडचणीचे. बिल्ला कातरून काढायची पक्कड आमच्याकडं एकच होती, आणि ती साहेबांच्या बंगल्यावरच्या कुंपणाची तार कापून बोथट झालेली. दोन-तीन मेंढ्यांनंतर आमच्या माणसानं कातरायचा नाद सोडला. तो बिल्ला पकडायचा आणि हिसका द्यायचा.

मेंढपाळ स्वतः एकेक मेंढी धरून देत होता. नवे नंबर आले की मेंढा मंजूर, असं आमच्या माणसानं त्याला येता येताच सांगितलं होतं, काम लवकर उरकावं म्हणून. मी तोंड उघडलं, तर तो माणूस मला म्हणाला, "तुम्ही मोजा हो भाऊसाहेब." बिल्ला खाचांना लागूनच मारलेला, त्यामुळे हिसक्यासरशी कानाची मागची कड निघून यायची आणि कडेबरोबर खाचा. मेंढपाळाची बायको पालाबाहेर चुलीपाशी होती. ती ओरडली, "अवो, कानं फाडायलेत की! खुना चालल्या!"

"गप ऱ्हा," तो म्हणाला. "मेंढा यायलाय."

त्यानं शेवटची मेंढी सोडली, हात घोंगड्याला पुसले आणि आम्हाला चहाचं विचारलं.

पथक आलं, विश्रामगृहावर जेवलं, दोन कळप लांबून पाहिले आणि समाधान व्यक्त करून गेलं. इंजिनिअर पुण्याला परतला. त्याला प्रशस्तिपत्र मिळालं. जाताना मला म्हणाला, "डिझाइन चांगलं होतं. तुमच्या लोकांनी डेटा नीट भरला नाही."

त्यानंतरच्या एका आठवडी बाजाराच्या दिवशी मी सुट्टीवर होतो. गंगाखेडच्या बाजारात जनावरं उभी करतात त्या बाजूनं भाजी घेऊन येत होतो, तर तो मेंढपाळ दिसला. सगळ्या मेंढ्या घेऊन आला होता. विकायला नाही, त्याचा एक सोयरा आपला मेंढा काही दिवस त्याच्या कळपात सोडणार होता, आणि सोडण्याआधी त्यानं कळप पाहायला बाजारात बोलावलं होतं. सोयरा मेंढ्यांमध्ये फिरत एकेकीचा कान बोटांत धरून पाहत होता. कान वाळून आक्रसले होते.

"पावनं, ही कुनाची मेंढरं?"

"माजी. वळखंना व्हय तू मला?"

"तुला वळखतो की. मेंढरं वळखू येईनात."

"सरकारनं फाडले कान."

"सरकार कशाला कान फाडतंय?" सोयरा हसला. मग हसायचा थांबला. त्या भागात कान फाटलेलं मेंढरू एकाच प्रकारचं असतं, दुसऱ्याच्या कळपातून उचललेलं, खूण दिसू नये म्हणून फाडलेलं. आजूबाजूचे दोघं-चौघं मेंढपाळ जवळ आले होते, कान पाहून पुन्हा लांब गेले होते. "लय वंगाळ झालं बघ. पर माजा मेंढा मी हितं सोडला आन उद्या कुनी दावा सांगत आलं, तं कोकरं कुनाची म्हनायची? भावकीत काय सांगू मी?"

मेंढपाळानं मुंडाशातून साहेबांचं पत्र काढून दाखवलं. सोयऱ्याला वाचता येत नव्हतं. मेंढपाळाची नजर फिरत माझ्यावर आली. "ह्ये हायेत की कचेरीतले! ह्येंला इचार!"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, बाप टेबल, तीन मुलं, पोती, नंबर. सोयऱ्यानं शेवटपर्यंत अदबीनं ऐकून घेतलं. मग मेंढपाळाला बाजूला घेऊन तो म्हणाला, आणि ते मला ऐकू आलं, "कचेरीतलाबी सामील हाय व्हय तुज्यात?"

सोयरा आपला मेंढा घेऊन गेला. मेंढपाळ उन्हं उतरेपर्यंत तिथंच उभा राहिला. एकदोघांकडं त्यानं अर्धी कोकरं द्यायच्या बोलीवर मेंढा मागून पाहिला. फाटक्या कानांच्या कळपाजवळ कुणी आपलं जनावरही उभं करेना. मेंढ्याशिवाय आणि खुणेशिवाय कळप घेऊन त्याला रानात हिंडणंही अवघड होतं. रस्त्यात कुणीही अडवून चोर म्हणालं असतं आणि कानांनी साक्ष दिली असती.

बाजार उठता उठता खाटीक आला. त्यानं मेंढ्यांच्या पाठी दाबल्या, मांड्या चाचपल्या, एकीला उचलून वजनाचा अंदाज घेतला. मेंढपाळानं सवयीनं एका मेंढीचं तोंड फिरवून कान पुढं केला. "बघून घे बाबा. मागून बोलू नगो."

"कानाचं काय करू, मामा?" खाटीक म्हणाला. "ते तर मी फेकूनच देतो."

आणि त्यानं मेंढ्यांचा दोर सोडायला घेतला.